नागरिकत्वाचा अर्ज आपल्या हाताने



कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांचे ब्रिटनशी नाते आहे. पूर्वी आमचे लोक जहाजावर नोकरीला गेले, आता मुली लग्न करून जातात. काही वर्षांनी कायम राहण्याची परवानगी मिळते आणि मग ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज समोर येतो. त्याला ‘फॉर्म एएन’ म्हणतात. पुष्कळ घरांत हा अर्ज नवरा किंवा दीर भरून टाकतो आणि बाई फक्त बोटांचे ठसे द्यायला जाते. आमचे म्हणणे असे की, ज्या बाईचा अर्ज तिनेच तो भरावा. अर्जातले प्रश्न पाहिले की याचे कारण कळेल.

सुरुवात नावापासून होते. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव असते, पासपोर्टवर नवऱ्याचे. शेख हे कुठे नावाच्या आधी येते, कुठे शेवटी. ही सारी नावे एकाच बाईची आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. म्हणून पूर्वीची सगळी नावे अर्जात लिहावी लागतात. आईवडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख किती जणांच्या नावापुढे आहे, हे शाळेत नोकरी करणाऱ्या आम्हांला चांगले ठाऊक आहे! सरकारी कागदावर जी तारीख आहे तीच लिहावी. एका अर्जात एक आणि दुसऱ्यात दुसरी, असे होऊ देऊ नये.

मग येतो दिवसांचा हिशेब. नवरा ब्रिटिश नागरिक असेल तर मागच्या ३ वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस २७० पेक्षा जास्त नसावेत. इतरांसाठी ही अट ५ वर्षांत ४५० दिवसांची. शेवटच्या १२ महिन्यांत दोघांनाही ९० दिवसांची मर्यादा. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस धरत नाहीत. अम्मीच्या आजारपणात चिपळूणला काढलेले दोन महिने असोत, माहेरचे बाळंतपण असो की उमरा, हे सगळे दिवस मोजले जातात. शिवाय अर्ज पोहोचेल त्याच्या बरोबर ३ किंवा ५ वर्षे आधीच्या दिवशी ती बाई ब्रिटनमध्ये हजर असावी लागते. तो दिवस माहेरपणात गेला असेल तर अर्जाची तारीख पुढे ढकलावी. दिवस थोडे जास्त झाले तर अधिकारी सवलत देऊ शकतात. मात्र लपवलेली एक फेरी सगळ्या अर्जावर पाणी फिरवू शकते. म्हणून एका वहीत प्रत्येक प्रवासाची तारीख लिहून ठेवावी. नवऱ्याला आपल्या फेऱ्या आठवतील, बायकोच्या आठवतीलच असे नाही.

आमच्या मते सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. अर्जासाठी दोन माणसांची साक्ष लागते. ती किमान ३ वर्षांपासून तिला ओळखणारी असावीत आणि नात्यातली नसावीत. त्यांतले एक शिक्षक, हिशेबनीस, धर्मगुरू अशा पेशातले हवे. दुसऱ्याकडे शक्यतो ब्रिटिश पासपोर्ट असावा. आता विचार करा. सासू, जावा, नणंदा यांच्याखेरीज जिची कुणाशी ओळखच होऊ दिली नाही, तिने कुणाचे नाव लिहावे? नवऱ्याचा मित्र तिला ओळखतो असे म्हणता येत नाही. मुलाला शाळेत सोडताना शिक्षिकेशी बोलणे, मशिदीतल्या बायकांच्या वर्गाला जाणे, इंग्रजीच्या शिकवणीला बसणे, यांना काही घरांत रिकामे उद्योग समजतात. पण नागरिकत्वाच्या अर्जातली साक्ष अशाच ओळखींतून उभी राहते. सासरच्या मंडळींनी हे सून आल्याच्या पहिल्या वर्षीच लक्षात घ्यावे.

‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षाही असते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यांपैकी १८ बरोबर यायला हवेत. अर्ज मंजूर झाल्यावर समारंभात निष्ठेची शपथ स्वतःच्या तोंडाने घ्यावी लागते. तिथे दीर बोलून चालत नाही!

आता इकडची बाजू. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. नंतर ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर येणे-जाणे आणि राहणे सुरू राहते, पण मतदानाचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र घेता येते. ‘ती आता विलायतेची झाली, तिचा बागेत कसला हिस्सा?’ असे म्हणणाऱ्या भावांनी हे नीट वाचावे. नागरिकत्व बदलले म्हणून बहिणीचा वारसा बुडत नाही.

एवढा मोठा निर्णय दुसऱ्याने भरलेल्या कागदावर नुसती सही करून होऊ नये. नवऱ्याने शेजारी बसून जरूर मदत करावी, पण प्रत्येक प्रश्न तिला वाचू द्यावा आणि उत्तर तिला लिहू द्यावे. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून त्या वेळची सरकारी मार्गदर्शिका आधी पाहावी. इथल्या आयांनी एक काम आजच करावे. मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि निकाहनामा एका पिशवीत घालून तिच्या स्वाधीन करावा. पिशवी दुसऱ्या कुणाच्या कपाटात नको, तिच्या स्वतःच्या कपाटात असावी.