भार न देणे हाही भारच

प्रयोगाच्या नोंदी एक्सेलमध्ये भरायच्या, आलेखावर एरर बार काढायचे आणि ट्रेंडलाइन ओढून मोकळे व्हायचे, ही रीत महाविद्यालयांपासून संशोधन संस्थांपर्यंत रुजली आहे. गंमत अशी, की ते एरर बार निव्वळ शोभेचे असतात. ट्रेंडलाइन त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्या लेखी प्रत्येक बिंदू सारखाच भरवशाचा. नोंदींना त्रुटीनुसार भार द्या म्हटले, की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला असा, की सर्व बिंदू समान मानणे हेच तटस्थ. भार देणे म्हणजे लुडबुड. किरणोत्सारी क्षय मोजताना सुरुवातीला १०,००० आणि शेवटी २५ कण नोंदले गेले, असे समजा. मोजणीतली त्रुटी साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १०० आणि ५. घातांकी ट्रेंडलाइनसाठी एक्सेल आधी नोंदींचे लॉगॅरिदम घेऊन त्यांतून सरळ रेषा बसवते. तिथे मोजायची ती सापेक्ष त्रुटी: एकीकडे १ टक्का, दुसरीकडे २० टक्के. भार त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरला, तर पहिली नोंद दुसरीपेक्षा ४०० पट जड ठरते. ट्रेंडलाइन दोघींना एकाच पंगतीला बसवते आणि शेवटचे डळमळीत बिंदू अर्धायुष्य बिघडवतात. याला तटस्थता कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप: आर-वर्ग ०.९९ आला, आता आणखी काय हवे? पण उपकरण किती अचूक होते, हे आर-वर्गाला ठाऊकच नसते. मोजमाप फार सूक्ष्म असेल, तर ०.९९ची रेषाही बिंदूंपासून त्रुटीच्या दहापट दूर असू शकते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: त्रुटी सोयीने ठरवून हवे ते उत्तर काढता येईल. येईलच. म्हणून त्रुटी वक्र बसवण्याआधी ठरवावी, तीही पुन्हापुन्हा घेतलेल्या मोजमापांवरून किंवा उपकरणाच्या क्षमतेवरून, आणि स्वतंत्र स्तंभात लिहावी. मग काय-वर्गाला, म्हणजे त्रुटीने भागलेल्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला, स्वातंत्र्यमात्रांनी (बिंदूंची संख्या वजा बसवलेल्या प्राचलांची संख्या) भागावे. उत्तर १च्या आसपास हवे. फार मोठे आले, तर प्रतिमान चुकले किंवा त्रुटी कमी दाखवली. फार लहान आले, तर ती फुगवली. ही लबाडी भारांमुळेच पकडता येते. त्रुटी सर्वत्र सारखी असेल, तर वेगळे भार नकोतच.

भार देण्याचे हे खूळ नवे नाही. असमान अचूकतेच्या निरीक्षणांचा विचार गाउसने १८०९मध्येच केला होता. १९३४मध्ये लाइनविव्हर आणि बर्क यांनी विकरांच्या अभ्यासात व्यस्तांकांची सरळ रेषा वापरली, तीही भार देऊन; मागाहून आलेल्यांनी रेषा तेवढी उचलली, भार टाकून दिले. व्यस्तांक घेताना मूळ त्रुटी सारखी असली, तरी भार अभिक्रियेच्या वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो.

कृती अवघडही नाही. प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक त्याच्या त्रुटीने भागा, वर्ग करा, बेरीज घ्या आणि एक्सेलच्या सॉल्व्हरला ती किमान करायला सांगा. सरळ रेषेसाठी वाय, एक्स आणि १चा स्तंभ, तिन्ही त्रुटीने भागून स्थिरांक बंद ठेवलेल्या लाइनेस्ट या एक्सेलच्या सूत्राला द्या. त्याने दिलेला आर-वर्ग मात्र विसरा.

नजरेच्या अंदाजाला ट्रेंडलाइन पुरेशी आहे. पण प्रबंधात जी संख्या छापायची, ती कोणत्या भारांनी निघाली हेही तिच्याशेजारी छापावे. परीक्षकांनीही ते मागावे.