आजाराची वारसनोंद



गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो होतो. तिचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. वर्षभर डोके दुखत होते, पण "पैसे जातील" म्हणून ती बोलली नव्हती. नर्सताई मला म्हणाल्या, "बसा, तुमचाही बघू." वहीत लिहिताना त्यांनी विचारले, "वडील कशाने गेले?"

"अचानक गेले."

"अचानक म्हणजे? वय काय होते?"

मला सांगता आले नाही. मी क्लार्क माणूस. दिवसभर लोकांच्या वारसनोंदीची कागदे हाताळतो. मयत कोण, तारीख कोणती, मागे वारस किती, हे बिनचूक लिहितो. स्वतःच्या बापाची नोंद मात्र कोरी!

घरी आल्यावर आईला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कारखान्यावर, कोपीतच गेले. सकाळपासून छाती दाबल्यावानी व्हतंय म्हणत व्हते. घामानं भिजले व्हते. मला वाटलं गॅस झालाय, गरम पाणी दिलं. लोक म्हणले बाहेरचं झालंय. त्यांचा थोरला भाऊबी असाच गेला." हिशेब केला, तेव्हा वडिलांना पन्नासही पुरी नव्हती.

जमीन आम्हाला वारशाने मिळाली नाही. हा वारसा मात्र मिळाला, आणि तो कोणी सांगितला नाही.

वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. वय वाढले की त्यात आणखी भर पडते. "कष्टाच्या माणसाला हा आजार होत नाही, तो शेठलोकांचा" असे आपल्या वस्तीत म्हणतात. ते खरे नाही. २००४ साली ५२ देशांतील लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत व शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे त्यात दिसले.

पण त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही दाखवली. जवळजवळ ९० टक्के धोका नऊ कारणांतून येतो, आणि ती कारणे बदलता येतात. तंबाखू, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सुटलेले पोट, मनावरचा ताण, भाजी-फळे न खाणे आणि हालचाल नसणे, ही त्यातलीच. आपल्या आया-बहिणींची मिसरी आणि म्हाताऱ्यांची बिडी यातच येते. सत्तरीत बिडी सोडली तरी फायदा होतो.

जन्माने माणसाचे सगळे ठरते, ही गोष्ट आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात नाकारली. मग "आमच्या घराण्यातच आहे, होणारच" असे आता का म्हणायचे? दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर होते आणि त्याला मार्ग आहे, हे तथागतांनी शिकवले. बाहेरचे झाले म्हटले की कारण शोधणेच थांबते.

वडीलधाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. आजार लपवू नका. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. आजारी पडणे ही शरमेची गोष्ट नाही. तुमचा रक्तदाब, तुमची साखर ही तुमच्या लेकरांसाठी माहिती आहे. लेकीलाही सांगा, ती सासरी गेली तरी रक्त तेच.

येत्या पौर्णिमेला विहारातून आल्यावर घरात एक वही करा. आजी-आजोबा, आई-वडील, काका, मामा, आत्या, मावशी. कोणाला काय झाले, कितव्या वर्षी झाले. ती वही घेऊन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तिथे मोफत तपासतात. गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघताना भाकरीच्या पिठाबरोबर गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही गाठोड्यात बांधा.

छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, दम, घाम, असे झाले तर गॅस समजून बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. बायांना आणि साखर असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते.

आमच्या वहीत पहिली ओळ वडिलांची आहे. दुसरी चुलत्यांची. तिसरी आईची, आणि तिच्यापुढे लिहिले आहे: गोळी रोज सकाळी, मिसरी बंद. चौथी ओळ माझी. ती लवकर संपू नये, एवढीच खटपट.

जयभीम!