उत्पन्नाचा अंदाज आणि संगणकाची वही

खरिपाची रास घरीं आली म्हणजे आमच्या निलंगा तालुक्यांत पारापारावर दोन प्रश्न निघतात. लातूरच्या आडतींत सोयाबीनला भाव काय, हा पहिला. आणि आपल्या मंडळाचें उत्पन्न सरकारदप्तरीं किती लागलें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सायंकाळपर्यंत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर कोण काढतो व कसें काढतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों. आंकडे मांडण्यांतच आमचें आयुष्य गेलें; म्हणून या दुसऱ्या प्रश्नाविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

पूर्वी हें काम केवळ पीक कापणी प्रयोगावर चालत असे. ठराविक मापाचा तुकडा आंखावयाचा, पीक कापावयाचें, झोडून दाणे वजन करावयाचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न धरावयाचें. २०२३ च्या खरिपापासून केंद्र सरकारनें पीक विमा योजनेंत नवी रीत घातली. उपग्रहाचीं चित्रें, हवामान इत्यादि साधनांनीं काढलेल्या उत्पन्नास निदान शेंकडा ३० वजन द्यावयाचें, असें प्रथम भात व गहूं या पिकांसाठीं ठरलें. २०२४ च्या खरिपापासून त्यांत सोयाबीन आलें. अर्थात् तो विषय आमच्या बांधापर्यंत येऊन पोंचला.

या वजनाचा अर्थ काय, तो एका कल्पित उदाहरणानें सांगतों. मंडळाचें उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,२०० किलो व विम्याची रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरूं. कापणी प्रयोगांत १,००० किलो आले. संगणकानेंही १,००० च सांगितले, तर घट शेंकडा १६.६७ होते आणि भरपाई सुमारें ८,३३३ रुपये येते. परंतु संगणकानें १,२०० सांगितले, तर ७० व ३० या वजनांनीं एकत्र उत्पन्न १,०६० होतें, घट शेंकडा ११.६७ उरते आणि भरपाई ५,८३३ रुपयांवर येते. शेत तेंच, रास तीच. पण हेक्टरी २,५०० रुपयांचा फरक एका न दिसणाऱ्या हिशेबानें पडला. म्हणून हा हिशेब कसा होतो, तें जाणून घेणें प्रत्येक खातेदाराचें काम आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेंत झालें. इंग्रजीचा परिचय कामापुरताच. परंतु आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. दिवाळींत तो गांवीं आला असतां आम्हीं त्यास समोर बसवून हें सर्व समजावून घेतलें. तो म्हणाला, "काका, तुमच्या दप्तरांत जशी वही असे, तशीच आमच्याकडेही असते." त्यानें ती उघडून दाखविली. तिला ज्युपिटर नोटबुक म्हणतात. फर्नांडो पेरेझ यांनीं २००१ सालीं या कामाचा पाया घातला व २०१४ पासून तें ज्युपिटर या नांवानें चालूं लागलें. वहीचे एकाखालीं एक कप्पे असतात. एकांत साध्या भाषेंत टीप लिहितात, दुसऱ्यांत संगणकास आज्ञा देतात, आणि आज्ञेच्या खालींच तिचें उत्तर, तक्ता किंवा नकाशा उमटतो. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा अभ्यास करणारे लोक जगभर अशा वह्या वापरतात.

हा व्याप केवढा आहे, हें पाहण्यासारखें आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांत एक चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. म्हणजे बरोबर आपल्या सातबाऱ्यावरील एक आर. लातूर जिल्ह्याचें क्षेत्र ७,१५७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका चित्रांत सुमारें ७ कोटी १५ लाख चौकोन झाले. हे उपग्रह दर पांच दिवसांनीं तीच जागा टिपतात. पावसाळ्यांत ढग आडवे आले तर ढगांतून पार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारचीं चित्रें घ्यावीं लागतात. एवढा हिशेब टेबलावरच्या एका संगणकाच्यानें वेळेंत होत नाहीं.

तेथें क्लाउड येतो. मराठवाड्यास ढग दिसले कीं आशा वाटते आणि बहुधा निराशा पदरीं पडते. हा ढग मात्र निराळा. तो आकाशांत नसून मुंबई, पुणें, हैदराबाद अशा शहरांतील मोठमोठ्या इमारतींत ठेवलेल्या संगणकांचा आहे, आणि ते तासाच्या भाड्यानें मिळतात. त्यांतील अनेक संगणक एका कामास एकदम जुंपले म्हणजे त्यास क्लस्टर म्हणतात. आपल्याकडे इर्जिक घालतात, तोच हा प्रकार. एकाच्या रानांत दहा घरचीं अवतें येतात, प्रत्येक अवत आपली पट्टी धरतें, आणि आठ दिवसांची पाळी दिवस मावळण्यापूर्वीं उरकते. क्लस्टरमधील मुख्य संगणक कामाच्या पट्ट्या पाडून देतो व शेवटीं सर्वांचा गोषवारा एकत्र करतो. मात्र काम झाल्यावर क्लस्टर बंद करण्यास विसरलें, तर रात्रभर चालूं राहिलेल्या मोटारीप्रमाणें बिल वाढत राहतें.

आतां मुख्य मुद्दा. या वहीचा एक मोठा गुण तोच तिचा दोष आहे. कोणताही कप्पा कोणत्याही क्रमानें चालवितां येतो. पांचवा आधीं चालविला, मग दुसरा बदलला, तिसरा पुसून टाकला. तरी पांचव्याखालीं जुनें उत्तर तसेंच दिसत राहतें. पुसलेल्या कप्प्यांतील आंकडाही संगणकाच्या स्मरणांत राहतो. वही वरून नीटनेटकी दिसते. परंतु खालचें उत्तर वरच्या आज्ञेचें असेलच, याची शाश्वती नाहीं. ब्राझील व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१९ सालीं लोकांनीं प्रसिद्ध केलेल्या सुमारें १४ लाख वह्या तपासल्या. त्यांपैकीं ज्या क्रमवार चालवून पाहतां आल्या, त्यांत शेंकडा सुमारें २४ च चुकीवांचून शेवटपर्यंत गेल्या. आणि पूर्वीचेंच उत्तर पुन्हा देणाऱ्या वह्या शेंकडा ४ च निघाल्या.

हें ऐकून आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. एका वर्षीं गारपिटीच्या नुकसानीचा तक्ता आमच्याकडे होता. एका गांवाचें बाधित क्षेत्र तिसऱ्या पानावर दुरुस्त केलें, परंतु शेवटच्या गोषवाऱ्यांत जुनाच आंकडा राहिला. चूक आमच्या हातची होती. त्या गांवास मदत कमी गेली. पुढें त्या गांवचे एक वृद्ध शेतकरी कचेरींत आले व म्हणाले, "साहेब, तक्ता दाखवा, आम्हांला बेरीज येते." त्यांनीं पानावर बोट ठेवून चूक दाखविली. उरलेली मदत मिळण्यास कित्येक महिने गेले. तथापि ती मिळाली. कारण पान कागदाचें होतें, आणि तें मागतां येत होतें, वाचतां येत होतें.

संगणकाच्या वहीस यावर उपाय आहे. वही हातानें चालवूं नये. दुसऱ्या आज्ञावलीकडून चालवावी. ती आज्ञावली ठरल्या वेळीं क्लस्टर सुरू करते, कोरी वही घेते, तींत मंडळाचें नांव, हंगाम व तारीख भरते, पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमानें चालविते, भरलेली वही निराळी जतन करते आणि क्लस्टर बंद करते. मध्येंच चूक झाली तर तेथेंच थांबून ती कोठें झाली तें लिहून ठेवते. नेटफ्लिक्स कंपनींत तयार झालेलें पेपरमिल हें साधन याच रीतीचें आहे. आम्हां जुन्या कारकुनांस ही रीत नवी नाहीं. छापील कोरा गांव नमुना एकच. गांवोगांव व वर्षानुवर्षें भरलेली प्रत मात्र निराळी, आणि प्रत्येक प्रतीवर तारीख.

कांहीं जण म्हणतील कीं, हातच्या कापणींतही गडबडी होतात; मग यंत्रासच नांवें कां ठेवतां? तें खरें आहे. कापणीच्या वेळीं तुकडा कोणत्या बाजूस आंखावा यावरून होणारी ओढाताण आम्हीं पाहिली आहे. हात कधीं शेतकऱ्याकडे झुकतो, कधीं दुसरीकडे. यंत्रास सोयरेधायरे नाहींत, हा त्याचा मोठा गुण होय. आमचें भांडण यंत्राशीं नाहीं. बंद वहीशीं आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्यास ही वही दाखवून उपयोग काय, त्यास ती वाचतां येणार नाहीं. हाच आक्षेप पूर्वी आकारबंद व फाळणीबारा यांविषयींही घेतां आला असता. गांवांतील प्रत्येकास ते वाचतां येत नसत. परंतु वाचणारा एक तरी निघे आणि त्याच्या भीतीनें लिहिणारा जपून लिही. आज निलंग्याच्या प्रत्येक मोठ्या गांवांतील एखादा मुलगा वा मुलगी पुण्यास किंवा हैदराबादेस संगणकाचें काम करीत असते. त्यांस वही वाचतां येईल.

म्हणून आमचें मागणें थोडें व स्पष्ट आहे. ज्या हिशेबावरून मंडळाचें उत्पन्न ठरतें, त्याची वही आज्ञावलीकडूनच चालविलेली असावी. तिच्यावर चालविल्याची तारीख, घेतलेल्या चित्रांच्या तारखा व पर्जन्यमापकाचे आंकडे असावे. टिपांचे कप्पे मराठींत लिहावे. आणि भरपाई ठरण्यापूर्वीं ती वही लोकांस पाहण्यास खुली करून हरकतींस मुदत द्यावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यांत संगणकानें तयार केलेलें साहित्यही अभिलेखांत धरलें आहे. तेव्हां सरकारी कचेरीपाशीं असलेली अशी वही मागणें हें कांहीं उपकार मागणें नव्हे.

शेवटीं आपल्या बाजूचेंही बोलणें प्राप्त आहे. सोयाबीनमध्यें तूर असली म्हणजे एका आराच्या चौकोनांत दोन्ही पिकें मिसळतात. वरून पाहणाऱ्यास तीं वेगळीं काढणें कठीण. जमिनीवर खरोखर काय उभें आहे, हें कोणीतरी सांगितल्यावांचून संगणक पीक ओळखावयास शिकत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि हें सांगण्याचें काम आपल्याच हातीं आलें. बांधावर न जातां, शेजाऱ्याचें पाहून किंवा गेल्या वर्षीचेंच पीक नोंदविणारे बंधू आपल्यांत थोडे नाहींत. चुकीचें बियाणें पेरून चांगल्या उगवणीची आशा धरण्यासारखें तें आहे. पेरा खरा नोंदवावा, आणि मग हिशेब खरा दाखवा म्हणून ठामपणें विचारावें.

त्या वृद्ध शेतकऱ्यास बेरीज येत होती, म्हणून त्याच्या गांवाचें नुकसान भरून निघालें. वही कागदाची जाऊन संगणकाची झाली. बेरीज मात्र तीच आहे. येत्या ग्रामसभेंत प्रत्येक गांवानें एवढा एकच ठराव मांडावा कीं, आमच्या मंडळाच्या उत्पन्नाची वही आम्हांस दाखविण्यांत यावी. निलंग्यानें तो आधीं मांडला, तर आम्हांस विशेष आनंद होईल.