कुंपणाआडचे चर्च

इटलीच्या किनाऱ्यावरील एखाद्या गावात मध्ययुगीन चर्च पाहून आपला माणूस भारावून परततो. त्यालाच अंधेरीतल्या जुन्या चर्चबद्दल विचारा. बहुधा तो गप्प बसेल.

दोष सर्वस्वी त्याचा नाही. जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेले सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आज सीप्झच्या कुंपणाआड आहे. १८४० च्या साथीनंतर वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडले. छप्पर गेले, दगडी भिंती उरल्या. १९७३ मध्ये सीप्झ आले आणि वाटही बंद झाली. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ईस्ट इंडियन समाज येथे मिस्सा करतो. घरात मराठीचीच बोली बोलणारी ही मंडळी पूर्वजांच्या दारी एका दिवसाची पाहुणी ठरतात.

निर्यातीच्या मालाला पहारा हवा, हे मान्य. पण महिन्यातला एक रविवार, ओळखपत्र पाहून, ठरावीक वाटेने सर्वांना आत सोडणे अवघड आहे काय? पोर्तुगीज राजवटीच्या आठवणी कडू असतील. म्हणून इतिहास कुलपात ठेवायचा नसतो. आपल्या मुलांना तो पाहू द्या.