कातरलेले पंख आणि पिंजऱ्याची उंची

गेल्या चार वर्षांत ज्या माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयाला भेट दिली, त्यांनी वाचनालयाबाहेरच्या व्हरांड्यातला पक्ष्यांचा पिंजरा पाहिला असेल. त्या पिंजऱ्याविषयी लिहितो असे मी सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने हसून विचारले, "सर, इतिहास सोडून आता पक्षी?" विषय लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्या पिंजऱ्यात आमच्या हातून एक जीव गेला, तो क्रूरतेने नव्हे तर अज्ञानाने गेला, आणि त्या अज्ञानात माझा वाटा सर्वांत मोठा होता. शिवाय असे पक्षी आज पुष्कळ घरांत आहेत. तेव्हा जे शिकलो ते सांगणे भाग आहे.

एका पालकांनी मुलीच्या वाढदिवसानिमित्त विद्यालयाला चार पक्षी भेट दिले. बाजारात त्यांना कोणी लव्हबर्ड म्हणतात, कोणी बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे मात्र ऑस्ट्रेलियातले बजी. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. "पंख कातरूनच आणलेत सर, त्यामुळे काही काळजी नाही," असे ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मी पाच फूट उंच आणि दोन फूट रुंद असा देखणा पिंजरा करून घेतला. पक्ष्याला उंची आवडते एवढेच मला ठाऊक होते, म्हणून बसण्याच्या दांड्या अगदी वर, छताजवळ लावल्या. खाली तारेची जाळी आणि जाळीखाली पत्र्याचा ट्रे.

तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या वंदनेनंतर आठवीतली एक मुलगी धावत आली. निळा नर तळाच्या जाळीवर पडला होता. आदल्या रात्री वीज गेली होती, कदाचित मांजरही फिरकले असेल. पक्षी बिचकले असणार. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला हातात घेऊन छातीवरून बोट फिरवले आणि विचारले, "याचे पंख कापलेत का?" मी होय म्हटले. छातीच्या मधोमध असणारे कण्यासारखे हाड मोडले होते आणि त्यावरची कातडी फाटली होती. संध्याकाळपर्यंत तो गेला.

डॉक्टरांनी जे समजावले ते पुढे मी वाचून पडताळले. बजीचे वजन तीस-चाळीस ग्रॅम असते. पंख शाबूत असलेला पक्षी दांडीवरून घसरला तरी अर्ध्या क्षणात पंख उघडून स्वतःला सावरतो. प्रत्येक पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसे असतात आणि उड्डाणाचा मुख्य जोर त्यांचा असतो. तीच कातरली की तोल आणि उचल दोन्ही जातात आणि पक्षी छातीवर आदळतो. एकाच बाजूचा पंख कातरला असेल, तर तो गिरक्या घेत पडतो, ते आणखी वाईट. म्हणजे जी पाच फूट उंची मी प्रेमाने दिली होती, तिनेच त्याचा घात केला.

माझे मत मी येथेच मांडतो. पंख कातरल्याने पक्षी सुरक्षित होत नाही. स्वतःला वाचवण्याचे त्याचे एकमेव साधन आपण काढून घेतो आणि ती सारी जबाबदारी पिंजऱ्यावर, म्हणजे पिंजरा बांधणाऱ्यावर येऊन पडते. बहुतेकांना ही जबाबदारी आली आहे याचा पत्ताच नसतो. कातरणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. घरात पंखा फिरतो, खिडक्या उघड्या असतात, पक्षी भिंतीवर आपटतो, ही भीती खोटी नाही. पण पंखा बंद करता येतो आणि खिडकीला जाळी लावता येते. उलट, कातरलेला पक्षी जमिनीवर चालू लागतो आणि पायाखाली येतो. अंगणात नेला तर वाऱ्याच्या झोतासरशी तो कुंपणापलीकडे जाऊ शकतो. मग परत येण्याइतके बळ त्याच्यात नसते आणि कावळे टपलेले असतातच. "पंख कातरलेत, जातोय कुठे" या भरवशावर दार उघडे टाकणाऱ्या घरांतून पक्षी गेल्याच्या कहाण्या आमच्याच पालकसभेत मी ऐकल्या आहेत.

इतिहासाचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पाणी आणि गवताचे बी जिथे मिळेल तिकडे थव्याने उडत जाणारा, एका जागी न राहणारा. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने तो जिवंत इंग्लंडला आणला आणि पुढच्या काही दशकांत तो युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचला. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, करडे हे सारे रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीने ठरवून जोपासलेले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतीय पोपट घरात ठेवणे गुन्हा आहे, हा परदेशी बजी मात्र दुकानात उघड मिळतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम सांगते, की ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देण्याइतकी नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे ही क्रूरता आहे. कलम चांगले आहे. उंचीच्या हिशोबाने माझा पिंजरा कोणालाही पुरेसा वाटला असता, आणि तरीही तो त्या पक्ष्यासाठी चुकीचा होता.

उरलेल्या तिघांसाठी नवा पिंजरा बांधायचे ठरले. आठवी-नववीची मुले आणि मी, असे मिळून आम्ही तो शनिवार-रविवार धरून पाच आठवड्यांत केला. सर्वांत आधी आम्ही उंच पिंजरा आडवा केला, अगदी शब्दशः: पाच फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. कातरलेला पक्षी वर जात नाही, तो कडेकडेने चालतो आणि चोचीने धरून चढतो. त्याला लांबी हवी. गोल पिंजरे बाजारात छान दिसतात, पण त्यांत पक्ष्याला ना लांबी मिळते ना निवांत कोपरा. पहिली दांडी तळापासून चार इंचांवर, दुसरी आठ इंचांवर, आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारख्या तिरक्या फांद्या व एक लाकडी शिडी, म्हणजे कोठूनही कोठे जायला उडावे लागू नये. दाण्याची आणि पाण्याची वाटी खालच्या दांडीलगत. पाण्याची वाटी उथळ ठेवायची, कारण तोल गेलेला पक्षी तीत पडू शकतो.

दांड्यांबाबत माझी आणखी एक चूक मुलांनी दुरुस्त केली. मी एकसारख्या गुळगुळीत काठ्या आणल्या होत्या. सतत एकाच जाडीच्या काठीवर बसून पक्ष्याच्या तळपायाला एकाच जागी दाब पडतो आणि तिथे जखम होते. कातरलेला पक्षी तर दिवसभर पायांवरच असतो. मग मुलांनी आवारातल्या पेरूच्या आणि कडुलिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून बसवल्या. साल तशीच ठेवली, ती कुरतडायला त्यांना आवडते. फाटकाजवळच्या कण्हेरीला मात्र हात लावायचा नाही, ती विषारी आहे, हे मी फळ्यावर लिहून ठेवले.

तळाचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. तारेची जाळी काढून टाकली, कारण पडणारा पक्षी तीवर आपटतो आणि तीत त्याची बोटेही अडकतात. वसतिगृहातल्या मुलींनी जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून अंथरला. कल्पना मायेची होती, पण दुसऱ्याच दिवशी पिवळ्या मादीची नखे गोधडीच्या सुटलेल्या टाक्यात गुंतली आणि ती लटपटत ओढत राहिली. वेळीच कोणी पाहिले म्हणून पाय वाचला. टॉवेलचेही तेच, त्याच्या दोऱ्यांच्या फासांत नख अडकते. शेवटी ट्रेमध्ये फोमचा जाड तुकडा, त्यावर तो पूर्ण झाकणारा रेक्झीनचा तुकडा घट्ट ताणून आणि वर वर्तमानपत्राचे पाच-सहा थर, अशी व्यवस्था टिकली. रोज सकाळी वरचा कागद बदलायचा. पिंजऱ्यात दोरीची खेळणी अजिबात नाहीत.

तारांविषयी थोडक्यात. दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. जस्ताचा मुलामा असलेली नवी जाळी पक्षी चोचीने सतत चाटतो-कुरतडतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. आम्हाला स्टीलची जाळी परवडली नाही, म्हणून जाळी व्हिनेगरच्या पाण्याने कडक ब्रशने घासली, स्वच्छ धुतली आणि पांढरी भुकटी निघायची थांबेपर्यंत पुन्हा घासली. हा तोडगा आहे, खात्री नव्हे. ज्यांना जमेल त्यांनी स्टीलच घ्यावे. जुना रंग लावलेला भंगारातला पिंजरा तर घेऊच नये, जुन्या रंगात शिसे असू शकते. वर-खाली सरकणारी दारे मान अडकण्याइतकी धोकादायक असतात. आम्ही बाजूला उघडणारे दार केले आणि त्याला कडी लावली.

पंख असलेला पक्षी मांजर आले तर निदान पिंजऱ्यात वरच्या कोपऱ्यात उडून जातो. आमचे तिघे तळाशी. म्हणून पिंजऱ्याला बाहेरून दोन इंच अंतर सोडून दुसरी जाळी बसवली, म्हणजे मांजराचा पंजा किंवा उंदराचे दात आतल्या पायांपर्यंत पोचू नयेत. बाहेरची जाळी बारीक घेतली, साप शिरू नये म्हणून. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकवली, कारण चारी बाजूंनी उघडा असलेला पक्षी सतत दचकलेला असतो. रात्री सौर दिव्याचा मंद उजेड राहतो. बजी अंधारात एकाएकी बिथरून फडफडतात आणि आमचा निळा नर अशाच रात्री पडला होता. डासांची अगरबत्ती, उदबत्ती, फवारणी व्हरांड्यात बंद केली. घरी पक्षी असणाऱ्या पालकांना एक विशेष सूचना: नॉनस्टिक तवा रिकामा तापून जो धूर निघतो, तो माणसाला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या लगत नकोच.

आता पिसांविषयी. कातरलेले पीस नखासारखे वाढत नाही. त्याचे खुंट झडून पडल्यावरच तिथे नवे पीस येते, आणि त्याला काही महिने लागतात. नवे पीस उगवत असताना त्याच्या दांड्यात रक्त खेळते. शेजारची पिसे कातरलेली असल्याने त्याला आधार नसतो आणि एका पडण्यात ते मोडते. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात सारे रक्त साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. थोडा स्राव झाला तरी जीव धोक्यात. अशा वेळी कॉर्नफ्लॉवर चिमटीने दाबून धरायचे आणि थेट डॉक्टरांकडे जायचे. आमच्या पांढऱ्या मादीचे असे एकदा झाले होते. म्हणून मी म्हणतो, की पंख कातरणे हा एका दिवसाचा खेळ नाही. पिसे परत येण्याचा काळच सर्वांत नाजूक असतो, आणि नेमके तेव्हाच लोक "वाढली वाटते" म्हणून पुन्हा कात्री लावतात.

तसा आग्रह आमच्याकडेही झाला. वर्षभराने पिवळ्या मादीची पिसे भरली आणि ती पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पहिल्यांदा उडाली, तेव्हा वर्ग सोडून मुले बाहेर आली होती. पुढच्याच शिक्षकसभेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले, की आता पुन्हा कातरावे, नाहीतर दार उघडताच निघून जाईल. मी विरोध केला, आवाज थोडा चढला, त्याबद्दल नंतर त्यांची क्षमाही मागितली. पण मतावर ठाम राहिलो. दारापुढे आणखी एक छोटी जाळीची खोली केली, म्हणजे बाहेरचे दार बंद झाल्यावरच आतले उघडायचे. खर्च एका चांगल्या पुस्तकाच्या किमतीएवढा आला, आणि कात्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदाच्या मेळाव्यात दोन माजी विद्यार्थ्यांनी आणखी पक्षी देऊ केले आहेत. त्यांच्या आस्थेबद्दल मनापासून आभार, पण माझी विनंती आहे, की द्यायचेच असेल तर वाचनालयाला पुस्तके द्यावीत. आणि ज्यांच्या घरी आधीच कातरलेले पक्षी आहेत, त्यांनी ते सोडून देऊ नयेत. बाहेर ते एक दिवसही जगणार नाहीत. पिंजरा आडवा करा, दांड्या खाली आणा, आणि पिसे वाढू द्या.

आमच्या तिघांपैकी दोघी आता उडतात. तिसऱ्याचे, हिरव्या नराचे, डाव्या पंखातील पिसे परत आलीच नाहीत. विक्रेत्याकडे ती कातरली नव्हे तर ओढून काढली गेली असावीत, असे डॉक्टर म्हणाले. त्यामुळे पिंजऱ्यात आता दोन व्यवस्था आहेत: वर दोघींसाठी मोकळी लांबी, खाली त्याच्यासाठी चार इंचांवरची दांडी आणि शिडी. नववीच्या मुलांनी कामांची पाळी लावली आहे. फोम दर दोन महिन्यांनी तपासायचा असतो, तो या महिन्यात बदलायला हवा आहे.