लढाई संपल्यावरचा कॅप्टन

पाचगणीच्या टेबल लँडवरून दिसणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्याने १८१८ साली मालक बदलला: पेशवा बाजीराव गेला, ईस्ट इंडिया कंपनी आली. फेब्रुवारीत सातारचा किल्ला पडला आणि लगेच, ११ तारखेला, कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याचा जाहीरनामा निघाला. बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत घरी परता. वतने, इनामे, देवस्थाने यांना धक्का लागणार नाही. न परतणाऱ्याचे वतन मात्र जाणार! पेशव्याविरुद्धची आष्टीची लढाई अजून व्हायची होती, पण शिपायाचे मन गावाकडे कसे वळवायचे, हे साहेबाने बरोबर हेरले होते.

एप्रिलमध्ये छत्रपती प्रतापसिंह साताऱ्याच्या गादीवर बसले. कारभार मात्र कंपनीच्या कॅप्टन जेम्स ग्रँटच्या हाती राहिला. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. तेव्हा वय तिशीच्या आत. महसूल वसुली मक्त्याने देणे बंद झाले, पाटील-कुलकर्णी जागच्या जागी राहिले. तरुण राजाला कारभाराचे धडे देऊन ५ एप्रिल १८२२ रोजी ग्रँटने सूत्रे त्याच्या हवाली केली.

आज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना लढाईनंतर लोकांची घडी बसवण्याच्या अशाच कामाला नागरी-लष्करी समन्वय म्हणतात. दक्षिण सुदानमध्ये मलाकालला भारतीय तुकडीचे पशुवैद्य लोकांच्या गुराढोरांवर उपचार करतात, तेही त्यातच मोडते.

मात्र ग्रँटला शांतिदूत ठरवण्याची घाई नको. कंपनीला वसूल हवा होता आणि बंड नको होते. राजा स्वतंत्र बाण्याने वागू लागला, तेव्हा १८३९ मध्ये त्याच कंपनीने त्याला पदच्युत करून काशीला धाडले.