विक्रेता कोण, ते आधी सांगा

मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहून साडी घ्यावी, पुस्तके घ्यावीत, फार तर एखादे कपाट घ्यावे, एवढी मजल आमच्या मध्यमवर्गाने पूर्वीच मारली होती. आता त्याच पडद्यावर पाच-सहा लाखांची जुनी मोटार आणि लाख-सव्वा लाखाची विजेवर चालणारी स्कूटर खरेदी होते. त्यात वावगे काही नाही. शोरूममधील विक्रेत्याच्या साखरपेरणीपेक्षा पडद्यावर स्पष्ट छापलेली किंमत कित्येकांना बरी वाटते, आणि ती वाटावी यात नवल नाही. प्रश्न उभा राहतो तो गाडी बिघडल्यावर, अथवा ती मुळी दारात आलीच नाही म्हणजे. साडी परत पाठविता येते. मोटारीचे तसे नाही. मोटार ही केवळ वस्तू नव्हे, ती सरकारी दप्तरातील एक नोंद आहे. पैसे हातचे जायला दोन मिनिटे पुरतात. दप्तरातील नाव बदलायला मात्र आठवडे लागतात. या दोहोंच्या दरम्यान जो काळ जातो, त्यात गिऱ्हाइकाचा वाली कोण, हा आजच्या आमच्या विवेचनाचा विषय आहे.

पडद्यावर सर्व दुकाने सारखीच दिसतात. कायद्याला ती सारखी दिसत नाहीत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. कोणी कारखानदार आपली नवी गाडी थेट विकतो. कोणी कंपनी जुन्या गाड्या विकत घेऊन, त्या धुऊनपुसून स्वतःच्या नावाने विकते. तिसरी कोणी केवळ जाहिरातींची भिंत उभी करते आणि भिंतीपाशी कोण कोणाला काय विकतो याच्याशी आपला संबंध नाही म्हणून सांगते. गिऱ्हाईक मात्र तिघांकडे एकाच विश्वासाने जाते, आणि आपण यांपैकी कोणाच्या दुकानात शिरलो होतो हे त्याला तक्रार करण्याच्या दिवशी कळते.

पहिल्या दोन प्रकारांत कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने भक्कमपणे उभा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ग्राहकाच्या हक्काची भाषा या प्रांताला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला तो 1974 साली. देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986 मध्ये, मिळाला. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला आणि त्याने ऑनलाईन खरेदी करणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत ग्राहक ठरविले. कंपनीची कचेरी गुरुग्रामला असो वा बंगळूरला, तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगात त्याला दाद मागता येते. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचे दार पुरते. ती 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि 10 लाखांपर्यंत असेल तर अवघे 200 रुपये. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलात दिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत तो परत घेण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमावयाचा असून त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावावा, असे बंधन आहे. करारातील बारीक टायपात ‘सर्व वाद लवादाकडे’ असे छापलेले असते, त्यालाही भिण्याचे कारण नाही. लवादाचे कलम ग्राहकाला आयोगाकडे जाण्यापासून अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका गृहबांधणी कंपनीच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगून टाकले आहे.

मग घोडे पेंड खाते कोठे? ते खाते ‘मध्यस्थ’ या एका शब्दापाशी. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 79 व्या कलमाने, दुसऱ्याचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्याला त्या मजकुराच्या दायित्वातून सूट दिली. पोस्टमनला पत्रातील शिवीबद्दल शिक्षा नको, इतका त्याचा सरळ अर्थ. परंतु जी कंपनी गाडीची तपासणी केल्याचे डांगोरे पिटते, किंमत स्वतः ठरविते, पैसे स्वतःच्या खात्यात घेते, वर हमीचे प्रमाणपत्र देते, आणि इंजिन बसले म्हणजे ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणून कानांवर हात ठेवते, तिला पोस्टमन कसे म्हणावे? ज्याने तपासले, ज्याने पैसे घेतले आणि ज्याच्या नावावर विसंबून गिऱ्हाइकाने खरेदी केली, तोच विक्रेता, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि नियमांत तसे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जावे, अशी आमची मागणी आहे.

या कंपन्यांची उत्तरे ज्यांनी वाचली असतील त्यांच्या एक गंमत लक्षात आली असेल. ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे.’ ‘प्रकरण संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.’ ‘आपल्याला लवकरच कळविण्यात येईल.’ सारे कर्मणी! आम्ही एके काळी मुलांना प्रयोग शिकविले तेव्हा कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग आमच्या स्वप्नातही आला नव्हता. क्रियापद आहे, कर्म आहे. कर्ता मात्र शोधून सापडत नाही. आयोगापुढे तक्रार नेणाऱ्यालाही प्रथम हा कर्ताच शोधावा लागतो: पावती कोणत्या कंपनीच्या नावे आहे, पैसे कोणाच्या खात्यात गेले, हमीपत्रावर सही कोणाची. ही तीन नावे निरनिराळी निघाली तर तिन्ही प्रतिपक्ष करावेत, हे उत्तम. जाहिरातीचे चित्र त्याच दिवशी जपून ठेवावे. तक्रार होताच जाहिरात बदलण्याला फारसा वेळ लागत नाही.

तिसऱ्या प्रकारची, म्हणजे जाहिरातीच्या भिंतीवरची, गोष्ट अधिक कठीण आहे. स्वतःची जुनी गाडी विकणारा खाजगी गृहस्थ व्यापारी नव्हे; त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. उरतो तो 1930 चा माल विक्री कायदा आणि दिवाणी न्यायालय. ज्याच्याकडे मालकी नाही त्याला मालकी देता येत नाही, हे त्या कायद्याचे तत्त्व निर्विवाद आहे. पण चोरीची गाडी पोलिसांनी ओढून नेल्यावर त्या तत्त्वाने पोट भरत नाही. आणि विकणारा मुळात भामटाच असेल तर? लष्करी जवानाचे छायाचित्र आणि ओळखपत्र दाखवून, बदली झाल्याने गाडी स्वस्तात देतो असे सांगणाऱ्यांनी आजवर अनेक सुशिक्षितांना गंडविले आहे. गणवेशाविषयीचा आमचा आदर हेच त्यांचे भांडवल. अशा प्रसंगी आयोग नव्हे, पोलीस. पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी ती गोठविता आली तरच काही हाती लागते. माल विक्री कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच असावा हा योगायोग. त्या कायद्याच्या मार्गाने वर्षे जातात, या क्रमांकाच्या मार्गात मिनिटांना किंमत आहे.

याहून दुर्लक्षित बाजू आहे ती नोंदीची. मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमान्वये राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. व्यवहारात गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि दप्तरात नाव पहिल्याचेच राहते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, गाडी अनेक हातांतून गेली असतानाही, अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच ठेवले. म्हणजे विकणारा सुटला नाही. घेणाराही सुटत नाही: विमा स्वतःच्या नावे करून न घेतल्यास दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई मिळते, परंतु स्वतःच्या चुरडलेल्या गाडीची मिळणे दुरापास्त होते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकारपत्राचे नियम काढले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या स्वाधीन केल्याची सूचना परिवहन खात्याला देणे त्यांत आले, आणि गाडी ताब्यात असेतो जबाबदारी व्यापाऱ्यावर आली. पाऊल योग्य दिशेने पडले, पण अर्धेच पडले. गिऱ्हाइकाचे पैसे मध्ये राखून ठेवावेत आणि दप्तरात त्याचे नाव चढल्यावरच ते विक्रेत्याला मिळावेत, अशी तरतूद का होऊ नये? पैसे आणि नाव यांच्यातली आठवड्यांची फट तेवढ्याने बुजेल. नोंदी संगणकावर, पैसे संगणकावर. दोहोंची गाठ घालण्यास कोणती अडचण आहे, हे परिवहन खात्याने सांगावे.

दरम्यान कर्जाचा हप्ता थांबत नाही. स्कूटर दुरुस्तीच्या आवारात महिना-महिना पडून, आणि बँक ठरल्या तारखेला पैसे कापून घेते आहे, अशी स्थिती ज्याच्यावर ओढवते त्याला कायद्याच्या कलमांपेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. कायदा म्हणतो, प्रतिपक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि माल प्रयोगशाळेत तपासावा लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. पण निकाल द्यायला आयोगावर माणसे असावी लागतात. राज्य सरकारे अध्यक्ष व सदस्य नेमीत नाहीत म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. नेमणुकांच्या नियमांचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून निघून दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या कायद्याने गिऱ्हाइकाच्या दारी न्याय आणला त्याच्या अंमलबजावणीला खुर्च्या रिकाम्या ठेवून हरताळ फासला जावा, याला दिरंगाई हा शब्द आम्हाला सौम्य वाटतो.

एकट्याने भांडण्यापेक्षा सर्वांच्या वतीने सरकारनेच भांडावे, यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण झाले. 2021 पासून विजेच्या स्कूटर वितरकांवाचून थेट ग्राहकाला विकणाऱ्या ओला इलेक्ट्रिक कंपनीला या प्राधिकरणाने 7 ऑक्टोबर 2024 रोजी नोटीस बजावली. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर, म्हणजे 1915 वर, सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या एका वर्षात तिच्याविरुद्ध 10,644 तक्रारी आल्या होत्या: दुरुस्तीला विलंब, गाडी हाती येण्यास विलंब, न पाळलेली आश्वासने. त्यांपैकी 99.1 टक्के तक्रारी मिटल्या, असे कंपनीने उत्तर दिले. आकडा खरा असेलही. पण तक्रार मिटली असे ठरविले कोणी? ज्याची स्कूटर आठ दिवसांनी पुन्हा बंद पडली त्याची तक्रार या हिशेबात कोणत्या रकान्यात गेली? प्राधिकरणाने याच प्रश्नाला हात घालावा आणि तक्रारदाराने स्वतः संमती दिल्यावाचून कोणतीही तक्रार निकाली काढली असे दाखविण्यास कंपन्यांना मनाई करावी. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. 1915 च्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागेल.